आमच्या बोलीत लांबतं

आधी माफी मागतो. लिहिणाऱ्या लोकांत माझी गणती नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि पायरी चढली म्हणून लिहिता येतं असंही नाही — हे मला कळतं. वार्षिकांकासाठी सरांनी मला वेगळंच लिहायला सांगितलं होतं. ‘मॅडमवर लिही,’ ते म्हणाले होते. ‘त्यांनी तुला हात दिला. दोन पानं लिही, प्रेरणा म्हणून.’ मी बसलो. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीशी पेन थांबलं, कारण तिथून खोटं सुरू होणार होतं. ते खोटं मी एकदा बोलून चुकलो आहे. परत कागदावर कसं लिहू?

म्हणून त्या दोन पानांच्या जागी हे देतो आहे. छापायचं की नाही ते सरांनी ठरवावं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. खोलीत माझ्या शेजारी झोपणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? — बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मॅडमपासूनच सुरू करतो. त्यांच्याबद्दल मी जे लिहीन ते खरं आहे.

हंसाताई तापीकाठच्या एका गावच्या. गुजर शेतकऱ्याच्या घरातल्या. घरी केळी, कापूस, ऊस. भाऊ शेतीत राहिले आणि ह्या गणितात पुढे म्हणून नंदुरबारला वसतिगृहात आल्या, तिथून पुण्याला इंजिनिअरिंगला. पहिली नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठं आहे ते शोधायचं. त्या काळी ते काम कुणाला नको असायचं, कारण चूक सापडली की करणारा रागावतो आणि नाही सापडली की साहेब. त्यांनी ते सहा वर्षं केलं. मग टीम मिळाली, मग परदेश, मग एका मोठ्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. आता नोकरी सोडली आहे, पण दोन-तीन कंपन्यांच्या संचालक मंडळावर आहेत. संचालक मंडळ म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं. त्यांनीच गाडीत सांगितलं — ‘काही नाही रे. कंपनी चालवणारे लोक वेगळे असतात. आम्ही लांब टेबलाशी बसायचं आणि विचारायचं, हे खरं आहे का? एवढंच काम. पण ते नीट करावं लागतं.’

त्यांची एक गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. एका बँकेसाठी त्यांच्या टीमनं सॉफ्टवेअर केलं होतं. सगळे म्हणत होते काम झालं, चाललं आहे, पेढे वाटा. ह्यांनी पेढा खाल्ला नाही. एका शाखेत जाऊन काउंटरवरच्या कारकुनाच्या मागं स्टूल टाकून तीन दिवस बसल्या. कारकून प्रत्येक गोष्ट आधी वहीत लिहायचा आणि संध्याकाळी वहीतलं बघून संगणकात भरायचा. म्हणजे काम दुप्पट झालं होतं, आणि अहवालात लिहिलं होतं की निम्मं झालं. मॅडमनी काम थांबवलं. वरिष्ठांशी भांडल्या. ‘जो वापरतो त्याला विचारा,’ असं त्या तेव्हापासून म्हणतात.

आमच्या कॉलेजात त्या आल्या तेव्हा ही गोष्ट माईकवरून मीच वाचली होती. पाहुण्यांचा परिचय लिहिण्याचं काम माझ्याकडं होतं. टाळ्या पडल्या. कारकुनाची गोष्ट मी इतकी चांगली वाचली होती — आणि दुसऱ्याच दिवशी मी काय केलं?

थांबा. त्याआधी माझं सांगायला हवं.

मी पावरा आहे. आमचं घर सातपुड्यात, उतारावरचं मक्याचं शेत. घरी पावरी बोलतात. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो आणि अहिराणी नंदुरबारच्या स्टँडवर. आईला मराठी येत नाही. त्यामुळं सात-आठ वर्षांचा होतो तेव्हापासून आईचं तोंड मीच. दवाखान्यात मी, तलाठ्याकडं मी, बसच्या कंडक्टरशी भांडायचं तरी मीच. आमच्याकडं असं पोर घरटी एक असतं. मोठी माणसं त्याला पुढं करतात आणि त्याच्या मागं उभी राहतात.

ह्या कामात एक गोष्ट फार लवकर शिकायला मिळते. डॉक्टर ओरडतात, ‘एवढे दिवस काय झोपली होती का?’ — आपण आईला सांगतो, ‘डॉक्टर विचारतात, कधीपासून दुखतं.’ आई चिडून म्हणते, ‘त्याला म्हण, तुझ्या दारात येऊन दोन तास झाले.’ — आपण डॉक्टरांना सांगतो, ‘तीन दिवसांपासून.’ दोन्हीकडं शांत राहतं. औषध मिळतं. आई म्हणते माझा पोरगा हुशार. मलाही तसंच वाटायचं. दोन माणसांच्या मध्ये उभं राहून कुणाला काय ऐकू येईल हे आपण ठरवतो, ह्याची एक — काय म्हणू — चव लागते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. मॅडमसमोर उभा होतो तेव्हा मी आठ वर्षांचा नव्हतो.

तर त्या दिवशी.

सीताफळांचे दिवस होते, मी दुसऱ्या वर्षाला होतो. मॅडम ज्या कंपनीच्या संचालक मंडळावर आहेत तिनं तोरणमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावर संगणक केंद्र उघडलं होतं. पाड्यावर सिमेंटची अशी एकच खोली होती, ती केंद्राला मिळाली. चार संगणक, इन्व्हर्टर, दाराला नवं कुलूप. वर्ष होत आलं होतं. अहवाल चांगले येत होते. मॅडमनी कॉलेजच्या कार्यक्रमात सरांना सांगितलं की उद्या मी वर जाणार आहे, प्रकल्पाच्या साहेबांना बरोबर घेणार नाही, तिथल्या बायांशी मला स्वतः बोलायचं आहे. बोली येणारं कुणी आहे का? सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

गाडी रनाळ्याच्या भटूआप्पांची होती. भटूआप्पा भाड्यानं जीप चालवतात, माणूस बोलका. घाट सुरू झाला तसे मागं न बघता म्हणाले, ‘मॅडम, घाट शे हाऊ. धरीसन बसा. मन्हा गाडीले ब्रेक शे, पण घाटले नही.’ मॅडम मोठ्यांदा हसल्या आणि अहिराणीतच म्हणाल्या, ‘मी आठेनीच शे आप्पा. माले काय सांगी ऱ्हायना!’ मला त्यांचा एकदम आधार वाटला. एवढ्या मोठ्या बाई, आणि स्टँडवरच्या मावशीसारख्या बोलतात.

मग त्यांनी मला विचारलं, पुढं काय करायचं आहे? मी म्हणालो, माहीत नाही मॅडम. त्या म्हणाल्या, ‘सुट्टीत पुण्याला ये. दोन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. नाव पाठव मला.’ एवढंच बोलल्या. अट घातली नाही. डोळा मारला नाही. कुणीही मला काही सुचवलं नाही, हे मी इथं ठळक लिहितो, कारण पुढं एका कागदावर मी दुसऱ्यावर ढकलायचा प्रयत्न केला होता. तेही सांगेन.

पाड्याच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता. मॅडमचा मोठा फोटो आणि शेजारी परिचयाच्या ओळी — त्या मीच लिहून दिलेल्या, प्रकल्पवाल्यांनी कॉलेजातून मागून नेल्या होत्या. जन्म कुठं, शिक्षण कुठं, कोणत्या पदावर, कारकुनाची गोष्ट. पाड्यावर ते वाचू शकणारी दोनच-तीन पोरं असतील. माझा मात्र तो फ्लेक्स बघून ऊर भरून आला.

खोली झाडलेली होती. संगणक चालू होते, चार पोरी समोर बसवल्या होत्या. मॅडमनी त्यांच्याशी दोन शब्द बोलून त्यांना बाहेर खेळायला सोडलं आणि त्या अंगणात बायांमध्ये जाऊन बसल्या. खाली, मातीवर. म्हणाल्या, ‘ह्यांना विचार — हे केंद्र आल्यापासून काय फरक पडला? चांगलं-वाईट दोन्ही सांगा म्हणावं.’

मी विचारलं. आमच्या बोलीत, अगदी नीट विचारलं. तिथंपर्यंत मी खरा होतो.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मागून एक पुढं आली. खेमीबाई. पन्नाशीची असेल, कपाळावर गोंदण, हातात कोयता, तो तिनं खाली ठेवला. तिनं आधी मलाच विचारलं — तू कुणाचा? मी गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. ‘मग आपलाच आहेस,’ ती म्हणाली. ‘नीट सांग हां तिला.’

आणि ती बोलली. भांडल्यासारखं नाही, सरळ. म्हणाली, ही खोली सिस्टरची होती. दर बुधवारी खालून सिस्टर यायची, दार लावून घ्यायची आणि पोटुशी बायांना तपासायची. पाड्यावर आत माणूस दिसत नाही असं दार एवढंच होतं. ही यंत्रं आली आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली खालच्या माणसाकडं, तो महिन्यातून एकदा येतो. आजच्यासारखी लाइट मी तरी पाहिलेली नाही. सिस्टर अजून येते बिचारी, पण महूच्या झाडाखाली बसते. झाडाखाली कोण बाई लुगडं सोडेल? म्हणून कुणी जात नाही. माझ्या सुनेला सातवा आहे. पहिलं पोर गेलं तिचं. ह्या खेपेला तिला अजून कुणी हात लावून बघितलेलं नाही. यंत्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती दुसरीकडं ठेवा. आम्हाला दार परत द्या.

एवढं बोलली. दार हा शब्द ती तीनदा बोलली.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. वही मांडीवर, पेन उघडं.

त्या क्षणात माझ्या डोक्यात काय होतं? मी खूपदा आठवून बघितलं आहे. पुणं होतं — खोटं कशाला सांगू, पुणं होतंच. पण नुसतं पुणं नव्हतं. मला लाज वाटली. कुणाची? — खेमीबाईची. आमची. वाटलं, एवढी मोठी बाई एवढ्या लांबून आली, मातीत बसली, आणि आमची माणसं लगेच गाऱ्हाणं काढून बसली. लुगडं, झाड, पोट. मॅडम काय म्हणतील? हे लोक असेच. मला वाटलं आमचा पाडा त्यांना हसरा दिसावा. शिकलेला दिसावा. माझ्यासारखा दिसावा.

मी म्हणालो, ‘त्या म्हणतात, पोरी शिकायला लागल्या मॅडम. बाया खूश आहेत. अजून संगणक मिळाले तर बरं होईल म्हणतात.’

मॅडम हसल्या. खेमीबाईकडं बघून, मनापासून. त्यांनी हात जोडले.

हे झालं, आणि इथंच संपलं असतं तर कदाचित मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. पण मॅडमनी उभं आयुष्य चुका शोधण्यात घालवलं आहे. वहीत लिहिता लिहिता त्या थांबल्या. वर बघितलं. ‘त्या बऱ्याच बोलल्या रे. एवढंच म्हणाल्या?’

म्हणजे मला दुसऱ्यांदा विचारलं गेलं. समोरून, शांतपणे. पहिल्यांदा जीभ घसरली असेल, दुसऱ्यांदा कशी घसरेल?

मी म्हणालो, ‘हो मॅडम. आमच्या बोलीत लांबतं.’

हे माझ्या तोंडून आलं. जिच्यात आईनं मला वाढवलं, तिच्यावर मी ढकललं. खेमीबाईचं बोलणं मी चोरलं आणि वर म्हणालो की तिची भाषाच पाल्हाळाची आहे. मॅडमनी मान हलवली. त्यांना पावरी येत नव्हती, आणि मी पावरा होतो. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा होता त्यांनी?

निघताना मॅडमनी फोनवर खेमीबाईचा फोटो काढला. खेमीबाईनं माझ्या पिशवीत सीताफळं घातली. सात-आठ असतील, डोळे उघडलेली, अगदी पिकायला आलेली. म्हणाली, ‘आईला दे.’ माझ्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिली. मला वाटलं आता विचारेल, सांगितलंस ना नीट? तिनं काही विचारलं नाही.

सीताफळं मी आईला नेऊन दिली. आईनं खाल्ली आणि बिया उंबऱ्याजवळ टाकल्या.

सुट्टीत मी पुण्याला गेलो. नाव पाठवलं होतं, बोलावणं आलं. काचेची इमारत, थंड हवा, गळ्यात ओळखपत्र. दोन महिने मी मन लावून शिकलो, हेही खरं आहे. तपासणीचं काम शिकवत होते. शिकवणाऱ्या सरांनी एके दिवशी उदाहरण म्हणून काय सांगितलं असेल? — काउंटरवरचा कारकून. स्टूल. तीन दिवस. सगळ्या वर्गानं वहीत लिहून घेतलं. मीसुद्धा लिहून घेतलं. माझ्या अक्षरात ते आहे अजून.

तिथंच खाली, पाहुणे बसतात त्या टेबलावर, कंपनीची गुळगुळीत कागदाची पुस्तिका ठेवली होती. चाळताना मधल्या पानावर खेमीबाई दिसली. अर्धं पान तिचा चेहरा, गोंदण अगदी स्पष्ट. खाली अवतरणात — ‘आमच्या मुली शिकू लागल्या. आम्हाला आणखी संगणक हवेत.’ आणि त्याखाली, एक आदिवासी माता.

वाक्य माझं. चेहरा तिचा. मी पुस्तिका मिटली, परत तिथंच ठेवली, आणि जेवायला गेलो. त्या दिवशी जेवलो मी. तेही सांगायला हवं. मिटण्याआधी पुढचं पानही वाचलं होतं, त्यावर होतं की हे यश बघून संचालक मंडळानं आणखी दोन पाड्यांवर अशीच केंद्रं मंजूर केली आहेत. तिथंही सिमेंटची एकेकच खोली असणार, हे त्या इमारतीत माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?

तेव्हा तरी बोलायचं. नाही बोललो. परत आलो, तिसरं वर्ष सुरू झालं. स्टँडवर तोरणमाळकडचं कुणी दिसलं की मी दुकानात शिरायचो. भीती एकाच गोष्टीची होती — कुणीतरी बोलता बोलता सांगेल, खेमीबाईच्या सुनेचं काय झालं ते. सातवा होता. हिवाळ्यात दिवस भरले असणार. बाई कशी आहे? पोर कसं आहे? एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही. न कळण्यात माझी सोय होती. मी ती सोय सव्वा वर्ष वापरली.

संक्रांतीनंतर कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. त्याच आठवड्यात सरांनी ही दोन पानं लिहायला सांगितली. तिसऱ्या ओळीशी पेन थांबलं ते तेव्हा.

त्या जागेवरून उठून मी मॅडमना पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं. पहिल्या पत्रात प्रकल्पाच्या साहेबांचं नाव होतं — त्यांनी खोली सजवली, पोरी बसवल्या, माझ्यावर दडपण होतं वगैरे. वाचून बघितलं. सजवलेली खोली खरी, दडपण खोटं. म्हणजे खोटं कबूल करायला बसलो आणि त्यातही नवं खोटं घातलं! ते फाडलं. दुसऱ्या पत्रात माझी गरिबी होती, आईचं शेत होतं. तेही फाडलं. तिसरं पत्र एक पानाचं झालं. वर खेमीबाई जे बोलली ते आधी पावरीत, देवनागरी अक्षरांत, जसं आठवतं तसं. त्याखाली त्याचं मराठी. त्याखाली मी त्यांना जे सांगितलं होतं ते. आणि शेवटी, नोकरीचं पत्र मी परत करतो आहे, कारण त्याची सुरुवात त्या अंगणात झाली. सही केली. टपालात टाकलं.

उत्तर आलं नाही. मी वाटही बघितली नाही, असं म्हणणार होतो — पण बघितली. रोज.

मग पुढचं ठरवलं. नव्या दोन पाड्यांपैकी जो जवळचा, तिथं मागच्या रविवारी गेलो. जीप अर्ध्यापर्यंत, मग पायी. खोलीला कुलूप होतं. तिथं आधी काय होतं ते बायांना विचारलं. ज्या बोलल्या त्यांचं एकेक वाक्य त्यांच्यासमोर वहीत उतरवलं आणि लगेच त्यांनाच वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, ‘असं नाही बोलले मी, तू सौम्य केलंस.’ मी वही पुढं केली आणि म्हणालो, परत बोल. ती परत बोलली. मी तिची शिवी होती तशी लिहिली. बाया हसल्या. कागद मॅडमना पाठवला आहे, अंगठ्यांसह. दुसऱ्या पाड्यावर येत्या रविवारी जाणार आहे. उत्तर आलं तरी जाणार, नाही आलं तरी जाणार. कागद झाले की परत जाऊन त्या बायांना सांगणार, कुठं पाठवले आणि काय झालं ते.

खेमीबाईच्या पाड्यावर मात्र मी गेलेलो नाही. तेवढं धाडस झालं नाही. हे लिहून होईपर्यंत तरी झालेलं नव्हतं.

एवढं लिहून कागद सरांकडं द्यायला निघालो होतो. काल दुपारी भटूआप्पांचा फोन आला.

‘भाऊ, भटू बोली ऱ्हायनू. तुन्ही मॅडम परत वर गयी व्हती. गाडी मन्हीच व्हती.’

मी कट्ट्यावर बसलो.

आप्पा आपल्या वेगानं सांगत होते. मॅडम एकट्याच आल्या होत्या. नंदुरबारहून सिस्टरला बरोबर घेतलं, बोलीसाठी. सिमेंटच्या खोलीला अजून तेच कुलूप. पण महूच्या त्या झाडामागं एक नवी खोली आहे, कुडाची, बांबू विणून वर शेण-मातीनं लिंपलेली. बायांनीच बांधली, चार दिवसांत. तिला बांबूचंच दार, आतून कडी. सिस्टर दर बुधवारी तिथं बसते. आत भिंतीला फटी राहू नयेत म्हणून मॅडमचा तो फ्लेक्स लावला आहे, आडवा. मॅडम आत गेल्या, आपल्याच फोटोसमोर बसल्या.

‘कितला येळ बशी ऱ्हायनी तठे,’ आप्पा म्हणाले.

मी विचारलं — सून?

‘कोन, खेमीबाईनी? चांगली शे ना. आंडेर व्हयनी तिले. चालाले लागनी ती. मन्हा गाडीना हॉर्न वाजाडी वाजाडी डोकं खादं तिनी!’

मुलगी. चालते. मी इथं दिलासा मिळाला असं लिहिणार नाही. तो घ्यायचा हक्क मला नाही. तिच्या आईला तपासायचं दार मी अडवलं होतं, आणि ते माझ्यामुळं उघडलं नाही.

मग आप्पांनी शेवटचं सांगितलं. मॅडमनी सिस्टरकरवी खेमीबाईला विचारलं होतं — हे तुम्ही कधी बांधलं? कुणी सांगितलं तुम्हाला? खेमीबाई बोलली, सिस्टरनं मराठीत सांगितलं, आणि आप्पांनी ते मला त्यांच्या अहिराणीत सांगितलं. तीन तोंडांतून आलं, तरी त्यातला एक शब्द गळाला असेल असं मला वाटत नाही. तिचं म्हणणं असं होतं —

त्या दिवशी मी माझ्या सुनेचं मेलेलं पोर सांगितलं आणि बाई हसली. हात जोडून हसली. तेव्हाच कळलं, पोरानं माझं काही सांगितलेलं नाही. आता आपलं कुणी सांगणार नाही. पोराच्या पिशवीत सीताफळं घातली, गाडी गेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बांबू तोडायला गेलो.